‘पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर’: एका लाडक्या वाक्याविरुद्ध

मुंबईच्या १८६४-६५ मधील शेअर मॅनियाचा विषय निघाला की बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे उदाहरण ठरलेले. पाच हजार दर्शनी किमतीचा तिचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला; पुढे अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि लोभी मंडळी बुडाली. इतिहासप्रेमी मित्रहो, ही कथा निव्वळ अपुरी नाही, दिशाभूल करणारी आहे.

दर्शनी किमतीच्या वरचे ते पंचेचाळीस हजार गेले कुठे? कंपनीने स्वतः राखून ठेवलेले शेअर चढ्या भावाने विकले, तर अधिमूल्य तिला मिळते. परंतु बाजारात शेअर एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा वाढीव रक्कम विकणाऱ्याच्या खिशात पडते. कंपनीच्या वहीत भागभांडवल होते तेवढेच राहते. भाव दसपट झाला म्हणून समुद्रात दसपट भराव पडत नाही.

मग दर्शनी किंमत कशासाठी? ती शेअरची ‘खरी किंमत’ नव्हे. ती भागधारकाच्या देण्याची मर्यादा होय. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानातील कंपन्यांना मर्यादित जबाबदारी मिळाली; बँकांना ती १८६० मध्ये लाभली. समजा, शंभराच्या शेअरवर पंचवीसच भरले आहेत. उरलेले पंचाहत्तर कंपनी केव्हाही मागू शकते आणि कंपनी बुडाली तर धनकोंसाठी ते वसूल होतात. ‘थोडक्यात शेअर मिळाला’ म्हणून हरखलेल्या माणसाने प्रत्यक्षात कर्जरोख्यावर सही केलेली असे. तेजीत हे कोणी वाचत नाही.

आता बँक ऑफ बॉम्बेकडे पाहा. जुन्या सनदेतील निर्बंध १८६३ च्या कायद्याने सैल झाले आणि बँक शेअरच्या तारणावर मुक्तहस्ते कर्जे देऊ लागली. तारण कशाचे? बाजारभावाचे, म्हणजे उद्याच्या गिऱ्हाइकाच्या उत्साहाचे. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली, तेव्हा देणारे कोणी उरले नव्हते. बँकेचे जवळजवळ सारे भांडवल गेले आणि १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगानेही १८६३ च्या कायद्याकडे बोट दाखवले.

प्रेमचंद रायचंद यांचा बँकेवरील प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. पण एका दलालाला खलनायक केले की कायदा करणारे आणि सही करणारे संचालक अलगद सुटतात. राजाबाई टॉवरखाली उभे राहून लोभावर प्रवचन देणे सोपे असते.

जाता जाता: ‘५०० टक्के लाभांश!’ असा मथळा दिसला, तर तो टक्का आजही दर्शनी किमतीवर काढलेला असतो. दोन रुपयांच्या शेअरवर दहा रुपये. बाजारभाव हजार असेल, तर तोच लाभांश एक टक्का भरतो.