हायब्रिडची पाटी लावली म्हणून पेट्रोल वाचत नाही

थोडं स्पष्टच लिहितो. गाड्यांचे शौकीन माझ्या मित्रयादीत बरेच आहेत, त्यांनी राग मानू नये. मानायचाच असेल तर आधी पूर्ण वाचा, मग माना.

महागड्या स्पोर्ट्स कारच्या बातमीत हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं. ‘हायब्रिड असल्यामुळे तुफान वेग आणि इंधनाची बचत, दोन्ही एकत्र!’ कंपनीची प्रेसनोट येते, डेस्कवरचा पोरगा ती जशीच्या तशी चिकटवतो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगतं, ‘अरे, ती पोर्शे लिटरला ३२ देते!’

हे ३२ आले कुठून, ते बघू.

पोर्शे ९१८ स्पायडर. ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, जोडीला दोन इलेक्ट्रिक मोटारी, एकूण ८८७ अश्वशक्ती. २०१३ साली जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर हिनं ६ मिनिटं ५७ सेकंदांत फेरी मारली. इंजिनिअर लोकांना सलामच. पण कागदावरचा खप किती? १०० किलोमीटरला ३.१ लिटर. बीएमडब्ल्यू आय८चा तर २.१ लिटर, म्हणजे लिटरला ४७ किलोमीटर!

आता यातली गंमत ऐका. प्लग-इन हायब्रिडची युरोपातली तेव्हाची चाचणी अशी होती: एकदा बॅटरी पूर्ण भरून गाडी चालवायची, एकदा रिकामी करून, आणि दोन्हींचा मिळून एक आकडा काढायचा. त्यात गृहीत काय धरलं होतं? बॅटरी संपल्यावर मालक फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जाणार आणि लगेच गाडी चार्जिंगला लावणार. ९१८ बॅटरीवर ३० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे हिशेबातलं निम्म्याहून जास्त अंतर पेट्रोल शून्य. तेवढ्यात खर्च झालेली वीज लिटरच्या आकड्यात कुठेच नाही. अहो, अर्धा रस्ता ट्रकला दोरी बांधून गेलो तर आपली स्प्लेंडरसुद्धा लिटरला १२० देईल!

हे मी मनाचं सांगत नाही. युरोपियन कमिशननं २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांमधल्या मीटरची माहिती गोळा केली आणि २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन चाचणीपेक्षा साधारण २० टक्के जास्त निघालं. प्लग-इन हायब्रिडचं किती? सरासरी साडेतीन पट! आणि त्यात बहुतेक साध्या घरगुती गाड्या आहेत. लोक चार्जिंगला लावतच नाहीत, एवढंच त्याचं सरळ कारण. मग हजार अश्वशक्तीची गाडी घेणारा रोज रात्री प्रामाणिकपणे वायर लावत असेल, यावर कुणाला विश्वास ठेवायचाय त्यानं ठेवावा.

याचा अर्थ हायब्रिड तंत्रच खोटं, असं मी म्हणत नाही. २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड इंजिन आलं. सोबत नियमही आला की अख्ख्या शर्यतीला १०० किलोच इंधन मिळेल. त्याआधी दीडशे किलोच्या आसपास लागायचं. तरी गाड्या पळाल्याच. मुद्दा इथेच आहे. इंधनाला माप लावलं तेव्हा वीज बचतीच्या कामाला आली. माप नसेल तर तीच वीज फक्त वेगाच्या कामाला लागते.

उदाहरण लांबचं नको. डिसेंबर २०२३ मध्ये लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो भारतात आली. किंमत ८ कोटी ८९ लाख, तीही एक्स-शोरूम. साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, तीन मोटारी आणि बॅटरी ३.८ किलोवॅट-तासाची. एथर ४५०एक्स स्कूटरची बॅटरी ३.७ची आहे. म्हणजे एवढ्या राक्षसी इंजिनाला स्कूटरएवढी बॅटरी! ती पेट्रोल वाचवायला बसवलीय, असं कोण म्हणेल? तरी ही हायब्रिड आणि ग्रँड व्हिटाराही हायब्रिड. तिचा कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ आणि तिला वायरसुद्धा लावावी लागत नाही. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी दोघींना सारखाच, ४० टक्के. वाचवणारी आणि उडवणारी एकाच रांगेत.

आता आपल्या राज्याचं. महाराष्ट्रात ९७ सीसीची मोटारसायकल घेणारा दूधवाला किमतीच्या १० टक्के वाहन कर भरतो. १० लाखांच्या आतली पेट्रोल कार घेणारा मास्तर ११ टक्के भरतो. आणि कोट्यवधींची गाडी घेणारा? त्याच्यासाठी कमाल मर्यादा आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात ती २० लाखांवरून ३० लाख केली. ८ कोटी ८९ लाखांवर ३० लाख म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाही. दूधवाल्याला १० आणि शेठला साडेतीन!

‘तुम्ही श्रीमंतांवर जळता’ ही कमेंट येणार, माहितीय. ‘ते आयातशुल्क भरतात की’ हीसुद्धा येणार. भरतात, भरपूर भरतात. पण ते केंद्राच्या तिजोरीत जातं. राज्याचा वाहन कर वेगळा, आणि त्यात दूधवाल्याला मर्यादा नाही तर शेठला का? ज्याला छंद आहे त्यानं खुशाल गाडी घ्यावी, माझी ना नाही. फक्त छंदाला पर्यावरणाचा टिळा लावू नका.

मागण्या दोनच. जाहिरातीत आणि बातमीत प्लग-इन हायब्रिडचा बॅटरी रिकामी असतानाचा खप छापणं सक्तीचं करा. आणि राज्य सरकारनं ती ३० लाखांची मर्यादा उठवावी. जो देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यानं पाटी बघून नाही, टाकीत किती पेट्रोल गेलं ते बघून गाडीची किंमत करावी.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली आकडे घेऊन या, शिव्या घेऊन नको.