दूध मोजले, आता पाणी मोजा

शहरातील म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत आणि मुंबईला निर्भेळ दूध मिळावे, म्हणून १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. दुधात पाणी किती, हे मुंबईने कसोशीने मोजले. पाऊणशे वर्षांनी त्याच आरेत उलटा प्रश्न विचारण्याची पाळी आली आहे : पाण्यात तेल किती?

मेट्रो-३ च्या कारशेडवरून जे रण माजले, ते मुख्यतः झाडांसाठी. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे कारशेड कांजूरला न्यायचे ठरले, २०२२ साली ती पुन्हा आरेत आली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून गाड्या धावू लागल्या. झाड पडते तेव्हा आवाज होतो, मोर्चा निघतो. भूमीखालचे पाणी बिघडते ते मुकाट्याने; म्हणून त्याला कैवारी थोडे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : गाडी विजेवर चालते, मग तेल कसले? वाचकहो, दुरुस्तीच्या कोणत्याही डेपोत वंगण लागते, गिअरचे तेल लागते, डबे धुण्याची द्रावणे लागतात, वीज गेली तर जनित्राला डिझेल लागते. सांडपाण्यावर प्रक्रिया होते, हे मान्य. पण प्रक्रिया होते ती नळीतून जाणाऱ्या पाण्यावर. फरशीच्या भेगेतून झिरपणाऱ्या थेंबावर नव्हे.

दुसरा आक्षेप : पाणी तर स्वच्छ दिसते! डिझेल पाण्यावर तरंगते, त्याचा तवंग दिसेलही. पण पेट्रोलातील बेंझिन पाण्यात विरघळते आणि डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी शाळामास्तर, मला हिशेब मांडल्याखेरीज चैन पडत नाही. म्हणजे एक लाख लिटरांत एक ग्रॅम! हे डोळ्यांनी पाहणार कोण? खनिज तेलाची आपल्या भारतीय मानकातील मर्यादाही लिटरमागे अवघी अर्धा मिलिग्रॅम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत शहाणा आणि म्हणून सर्वांत घातक : काही घडले तर मग पाहू. अमेरिकेत सांता मोनिका शहराने १९९६ साली आपल्या विहिरी बंद केल्या आणि निम्म्याच्या आसपास पाणी गमावले. पेट्रोलात मिसळलेले एक द्रव्य भूमिगत टाक्यांतून आणि नळांतून झिरपत विहिरींपर्यंत आधीच पोचले होते. 'मग पाहू' म्हणणाऱ्यांना जे दिसते, ते असे दिसते.

आणि आपली भूमी काळ्या दगडाची. वाळूतून पाणी संथपणे पसरते. बसाल्टात ते भेगांतून वाट काढते आणि कोठे निघेल ते वरून सांगता येत नाही. पावसाळ्यात पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते, आणि तेल त्या चढउताराबरोबर दगडाला माखत राहते. एकदा घेतलेला नमुना म्हणूनच पुरेसा नाही.

मागणी साधी आहे. कारशेडभोवती निरीक्षण-विहिरी असाव्यात. प्रवाहाची दिशा ठरवायलाच किमान तीन लागतात; त्यांतील एक वरच्या अंगाला, म्हणजे मूळचे पाणी कसे होते ते कळेल. केंद्रीय भूजल मंडळ जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार वेळा देशभर पातळी मोजते. त्याच चार महिन्यांत येथे तेलाचीही मोजणी व्हावी. नमुना घेणारा डेपोचा नोकर नसावा. आणि निकाल कचेरीच्या कपाटात न जाता, आरेतील पाड्यापाड्यावर मराठीत लागावा.

'पाड्यांना नळ द्या, म्हणजे विहिरीचा प्रश्न मिटला,' असे कोणी म्हणेल. नळ द्यावाच; तो त्यांचा हक्क आहे. पण भूमीखालचे पाणी ओढ्याला मिळते, झाडाच्या मुळाशी जाते, गुरे पितात. कारशेड मिठीच्या काठाला आहे आणि मिठी आरेपाशी थांबत नाही.

मेट्रोला माझा विरोध नाही. लाखोंचे हाल तिने कमी होतात. पण जो धुतल्या तांदळासारखा आहे, त्याने तपासणीला भिऊ नये. दुधवाल्याला आपण कधी म्हटले नाही, की तुझ्या शब्दावर विश्वास आहे, माप नको.