बिल कोणाच्या नावावर?



घरात मिक्सर येतो, फ्रिज येतो, शिलाई मशीन येते. रोज हाताळणारी बाई. बिल मात्र नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. वस्तू बिघडली की काम तिचे वाढते, पण दुकानात तिला ऐकवले जाते, ‘ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांना पाठवा.’

कायदा असे म्हणत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच, ही व्याख्या 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होती आणि 2019 च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे मिक्सर चालवणारी बाई स्वतः तक्रार करू शकते.

दुसरा प्रश्न पोटापाण्याचा. घरच्या मशीनवर ब्लाऊज शिवून, मिक्सरवर मसाले-चटण्या वाटून संसार चालवणाऱ्या अनेकजणी मला कामात भेटतात. मोटर जळली की त्यांना वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरे दाखवली जातात: ‘फक्त घरगुती वापरासाठी’. ही अट पैसे घेताना कोणी वाचून दाखवलेली नसते. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणारी व्यक्ती कायद्याने ग्राहकच आहे, म्हणून आयोगाचे दार तिला बंद नाही. पण त्यामुळे कार्डावरची अट आपोआप रद्दही होत नाही. म्हणूनच ती खरेदीपूर्वी, समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे. घर कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे बाईच्या बाबतीत कंपनीने एकतर्फी का ठरवावे?

माहिती मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. बिल न देणे, वॉरंटीबाबत दिशाभूल करणे या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. ऑनलाइन विक्रीत वॉरंटीची माहिती द्यावी, असे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. भाषेचे मात्र अडते. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार वेष्टनावरचा आवश्यक तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरे. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने लेखी वॉरंटी सोप्या भाषेत असणे बंधनकारक केले आणि ती विक्रीपूर्वी पाहायला मिळेल अशी सोय झाली. आपणही हेच, आणि मराठीत, मागायला हवे.

दुरुस्तीचेही तसेच. सुटे भाग मिळतील का, बाहेरच्या कारागिराने उघडले तर वॉरंटी जाते का, हे आधी कळायला हवे. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. चांगले झाले, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि जिच्या हाती स्वतःचा फोन नाही तिच्यापर्यंत ते पोचत नाही.

तोवर हातात आहे ते करू या. वस्तू आपल्या पैशाची असेल तर बिल आपल्या नावावर मागू या. कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का तिथेच घेऊ या. कोणत्या भागाची वॉरंटी किती, कामाचे पैसे लागतात का, हे विचारू या. दुरुस्तीला वस्तू देताना लेखी पावती घेऊ या. दाद मिळाली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. वस्तू पाच लाख रुपयांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आणि आता आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. सासर सोडून माहेरी आलेल्या बाईला याचे मोल सांगायला नको.

1972 साली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघराचा प्रश्न राजकारणाचा झाला. वॉरंटी कार्ड हा त्याच घरातला कागद आहे. येत्या 24 डिसेंबरच्या ग्राहक दिनी प्रत्येक वस्तीतल्या गटाने आपापल्या घरची बिले आणि कार्डे घेऊन बसावे, मोठ्याने वाचावीत, आणि न समजलेल्या अटींची यादी आमच्याकडे पाठवावी. मराठीतल्या वॉरंटीची मागणी त्या यादीनिशी सरकारपुढे ठेवू.