लॉज हिलचे नाइटिंगेल आणि ‘वापरून झालेली’ जमीन

इंग्लंडच्या केंट परगण्यात, मेडवे नदीच्या उत्तरेला, चॅटेंडन गावाजवळ लॉज हिल नावाची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही जमीन लष्कराच्या ताब्यात होती. आरंभी तेथे दारूगोळ्याचे कोठार होते, पुढे लष्करी अभियंत्यांचे प्रशिक्षण चाले. लष्कराला तिची गरज उरली नाही तेव्हा संरक्षण मंत्रालयाने ती घरबांधणीसाठी काढली आणि ५,००० घरांचे एक नवे गाव कागदावर उभे राहिले. या योजनेला जो विरोध झाला त्याची हकीकत बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते: एका बाजूला बिल्डर आणि सरकार, दुसऱ्या बाजूला नाइटिंगेल आणि त्याच्या पाठीशी कीट्स. हा साचा साहित्याच्या विद्यार्थ्याला सुखावणारा आहे. म्हणूनच तो तपासून पाहायला हवा.

घडले ते थोडक्यात असे. २०१२ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत या परिसरात गाणारे सुमारे ८५ नर आढळले, म्हणजे ब्रिटनमधील एकूण संख्येच्या एक टक्क्याहून अधिक. गेल्या अर्धशतकात या पक्ष्याची तेथील संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटलेली असताना हा आकडा लहान नव्हे. २०१३ साली ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने ही जमीन विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून घोषित केली. तरीही सप्टेंबर २०१४ मध्ये मेडवेच्या स्थानिक परिषदेने ५,००० घरांना मंजुरी दिली. पक्षिसंरक्षण संस्था आणि हजारो नागरिक यांनी हरकती नोंदवल्या, २०१५ साली केंद्र सरकारने निर्णय स्वतःकडे घेतला, आणि जाहीर चौकशी होण्याआधीच २०१७ साली मूळ अर्ज मागे घेतला गेला.

या सगळ्यात कवितेचे कर्तृत्व किती? माझ्या मते फारच थोडे. कायद्याला ऐकू आला तो आकडा. आणि खरा झगडा झाला तो एका नामाभोवती. योजनेचे समर्थक या जमिनीला ‘ब्राउनफील्ड’ म्हणत, म्हणजे पूर्वी बांधकाम होऊन गेलेली, वापरून झालेली जमीन. जुनी कोठारे, रस्ते, बराकी तेथे होत्याच, त्यामुळे शब्द सर्वस्वी खोटा नव्हता. पण त्या बराकींच्या मधल्या काटेरी झुडुपांना तो शब्द लागू पडत नव्हता. आपल्याकडच्या महसुली दफ्तरातील ‘पडीक’ हा शब्द असेच काम करतो. जमिनीवर जे चालले आहे ते नांगरणाऱ्याच्या किंवा बांधणाऱ्याच्या उपयोगाचे नसेल, तर तेथे काहीच चाललेले नाही असे तो गृहीत धरतो. एकदा नाव मिळाले की पुढचे युक्तिवाद आपोआप सुचतात.

अशा वेळी कीट्स फारसा कामाचा नाही. त्याच्या १८१९ च्या कवितेतला पक्षी झाडीत दडलेला आवाज आहे, आणि त्या आवाजाला मरण नाही हाच तर कवितेचा आधार. ज्याला मरण नाही त्याच्या घराची काळजी कोण करणार? साक्षीला बोलवायला हवा होता तो जॉन क्लेअर. हेल्पस्टनच्या या शेतमजूर कवीने नाइटिंगेलचे घरटे प्रत्यक्ष शोधले. ते जमिनीलगत, काट्यांच्या आत, वाळल्या पानांचे असते, हे त्याला ठाऊक होते. शिवाय १८०९ च्या कायद्याने त्याच्या गावची सामाईक कुरणे कुंपणात कशी गेली, हेही त्याने भोगले होते. लॉज हिलवर वाद होता तो नेमका घरट्याचा. झुडुपे राहिली तरी ५,००० घरांबरोबर मांजरे येणार, कुत्री येणार, दिवे येणार. जमिनीलगत अंडी घालणाऱ्या पक्ष्याला ते पेलणारे नाही. झुडुपे दुसरीकडे लावून देतो, हा प्रस्तावही पुढे आला होता. पक्षी तेथे जाईलच याची हमी मात्र कोण देणार?

(जाता जाता: मराठीत हा पक्षी कधी ‘बुलबुल’ होतो, कधी ‘कोकिळा’. दोन्ही पक्षी वेगळे. गंमत अशी की गाणारा नर असून गाण्याचे श्रेय मादीला देण्याची चूक मात्र युरोपीय काव्यपरंपरेने आणि आपण, दोघांनीही केली आहे. रात्री उशिरापर्यंत गाणारा तर बहुधा जोडीदार न मिळालेला नर असतो. भाषांतराच्या वर्गात हे सांगायला हरकत नाही.)

क्लेअरच्या साक्षीत एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या गावी कुंपणाने नाश केला. लॉज हिलवर कुंपणानेच पक्षी राखला. लोकांना आत मज्जाव, शेती नाही, घरे नाहीत, म्हणून झुडुपे वाढली. ज्या जमिनीसाठी भोवतालचे लोक भांडले तिच्यात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. फार तर कुंपणापलीकडून गाणे ऐकू येई. शस्त्रास्त्रांच्या साठ्याभोवती हे अभयारण्य तयार झाले, याचे श्रेय कोणाच्याही निसर्गप्रेमाला देता येणार नाही. तरीही विरोधकांची बाजू मला योग्य वाटते. जमीन कशी राखली गेली यावरून ती आज काय आहे हे ठरत नाही. येथे विकणारे सरकारच होते, संरक्षण देणारी संस्था सरकारीच होती आणि अखेरचा निवाडाही सरकारच करणार होते. एका हाताने दिलेला दर्जा दुसऱ्या हाताने पुसला गेला असता, तर देशातल्या प्रत्येक संरक्षित स्थळाचा दर्जा त्याच दिवशी कच्चा ठरला असता.

मात्र पक्ष्याच्या या प्रतिष्ठेत माणसांचे म्हणणे झाकले गेले. मेडवेला घरांची गरज आहे, ही गोष्ट बिल्डरांनी रचलेली नाही. आणि स्थानिकांच्या हरकतींतही अरुंद रस्ते, दवाखाने, शाळा असे गद्य विषय होते. त्यांवर कोणी अग्रलेख लिहीत नाही. उलट ‘आमच्या दारात नको’ म्हणणारे आपमतलबी लोक, असा शिक्का बसतो. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ची सुरुवात ज्या दलदलीच्या प्रदेशात होते तो हाच हू द्वीपकल्प, कूलिंगचे चर्च येथून फार दूर नाही. तेथील माणसांना बाहेरून येणाऱ्या योजनांची सवय आहे. २००२ साली क्लिफ गावापाशी मोठा विमानतळ सुचवला गेला आणि पुढच्या वर्षी तो सोडून दिला गेला. २०१९ मध्ये द्वीपकल्पावर हजारो घरे उठवता यावीत म्हणून रस्ते आणि रेल्वेसाठी १७ कोटी पौंड मंजूर झाले. २०२३ मध्ये तो निधी काढून घेण्यात आला, घरांचा प्रश्न मात्र उरला. आता हू गावाभोवतालच्या शेतांबद्दल लोक हरकती घेतात तेव्हा त्यांत वाहतूक असते, पाणी असते, डॉक्टरची वेळ न मिळणे असते. त्यांच्या मदतीला यावी अशी कविता मला तरी आठवत नाही.