आधी लिहा, मग किल्ली द्या

‘पाणी तोड, आपोआप जातील.’ माझ्या मावसबहिणीला तिच्या भाडेकरूंबद्दल या आठवड्यात हा सल्ला एकाने नाही, जो भेटला त्याने दिला. कुणी म्हणालं मीटर काढून घे, कुणी म्हणालं ते गावाला गेले की कुलूप बदल. ज्या घरात दहावी झालेला मुलगा आणि त्याची आजी राहतात, त्या घराचं पाणी तोडायला शिकलीसवरलेली माणसं सहज सांगतात, याचा मला संताप आला. सोसायट्यांच्या भांडणांवर मी या सदरात बरंच लिहिलं आहे आणि हा विषय बाजूला ठेवला होता. आता ठेववत नाही.

बहीण नाशिकला असते. शाळेतून निवृत्त झाली, पुण्यात कर्वेनगरला तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. करार अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला, सगळं रीतसर. मुदत संपत आली तेव्हा भाडेकरू म्हणाले, ‘ताई, मुलाची दहावी होऊ द्या.’ ती म्हणाली, ‘होऊ द्या.’ परीक्षा झाली, मग निकाल, मग अकरावीचा प्रवेश. दर वेळी फोनवर ‘बरं’ झालं आणि भाडं पहिल्या तारखेला खात्यात येत राहिलं. आता तिचा मुलगा बदली होऊन पुण्याला येतोय, तर भाडेकरूंचं म्हणणं, ‘तुम्हीच राहा म्हणालात. भर पावसात आम्ही कुठे जायचं?’ मुदतवाढीचा कागद कुठे आहे विचारलं, तर बहीण म्हणाली, ‘इतकी चांगली माणसं, त्यांच्याकडे कागद कसा मागायचा?’

कायदा थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या 55व्या कलमाप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपूनही ते सोडलं नाही, तर 24व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यावर समोरच्याला बाजू मांडायची परवानगी तीस दिवसांत मागावी लागते. म्हणजे घरमालक हतबल आहे, ही समजूत जुनी झाली. 1947च्या मुंबई भाडे कायद्यात भाडी गोठली होती आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी घरात असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्याने भाडेकरू मानलं गेलं. त्या काळात पोळलेल्या मालकांची भीती खरी होती. पण तीच भीती आज बाळगून पाणी तोडायला निघायचं काही कारण नाही.

अकरा महिन्यांच्या आकड्याबद्दलही अजून गैरसमज आहे. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, हा 1908च्या नोंदणी कायद्यातला भाडेपट्ट्याचा नियम आपण पाठ केला आणि राज्याच्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली तरी सोडला नाही. आजही कितीतरी घरं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून दिली जातात. महिना वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांना मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास येतं, शहरात नोंदणी फी 1000 रुपये आणि वर किरकोळ खर्च. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. एका महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्यात होणारं काम टाळून लाखोंच्या घराचा वाद अंगावर का घ्यायचा?

बहिणीच्या वकिलांनी योग्य तेच सांगितलं: मुदत संपल्याची आणि घर सोडण्याच्या तारखेची लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, ती तारीख उलटली की अर्ज. मूळ करार नोंदवलेला आहे, हा तिचा मोठाच आधार. पाण्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. भाडेकरूचं पाणी, वीज तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्याच 29व्या कलमाने मनाई केली आहे. आणि कलम नसतं तरी ते करू नये असं मी म्हणेन. ज्याची बाजू खरी आहे त्याने आडदांडपणा केला की प्राधिकाऱ्यासमोर आधी त्यालाच खुलासा द्यावा लागतो.

हे सगळं लिहिताना मला माझ्या भाच्याचं प्रकरण राहून राहून आठवतंय, कारण त्रास देणारा प्रत्येक वेळी भाडेकरूच असतो असं नाही. भाचा हिंजवडीला नोकरीला आहे आणि बाणेरला भाड्याने राहायचा. भाडं कधी एक दिवस चुकवलं नाही. घर सोडायच्या दिवशी मालक आले आणि भिंतींवरून हात फिरवत खोल्याखोल्यांतून फिरले. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपणाऱ्या ओलीने बेडरूमच्या कोपऱ्यातला रंग पोपडे धरून सुटला होता. भाच्याने ते दोनदा कळवलं होतं, फोनवर. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खिळा होता. ‘हा कुणी ठोकला?’ मालकांनी विचारलं. त्या खिळ्याखाली कालनिर्णयच्या आकाराचा फिकट चौकोन होता, भोवतालची भिंत फोडणीच्या वाफेने पिवळी पडलेली. भाच्याने तिथे कधी काही टांगलंच नव्हतं. तो चौकोन आधीच्या भाडेकरूचा. पण हे सांगायला त्याच्याकडे ना फोटो, ना यादी. संपूर्ण घराचा रंग, गीझरची दुरुस्ती आणि साफसफाई असं म्हणून साठ हजारांच्या डिपॉझिटमधले तीस हजार कापले गेले. उरलेले ‘आठ दिवसांत’ म्हणून दीड महिन्याने आले.

राहायला आलास तेव्हा फोटो का नाही काढलेस, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘त्यांना काका म्हणायचो. त्यांच्यासमोर मोबाइल काढून भिंतींचे फोटो काढायचे, बरं दिसलं नसतं.’ बहीण मालक, भाचा भाडेकरू. दोघांचं नुकसान एकाच गोष्टीने केलं: आपला भिडस्तपणा. पैशाचं बोलणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. चहा होतो, ओळखीपाळखी निघतात, ‘आपण घरचेच’ म्हटलं जातं आणि जिच्यावरून पुढे भांडण होणार ती गोष्ट तशीच राहून जाते. मग घर सोडायच्या दिवशी तीच घरची माणसं एकमेकांवर ओरडतात. मला हे बघवत नाही. स्पष्ट बोलल्याने नाती तुटली असं मी फारसं पाहिलेलं नाही. न बोलल्याने तुटलेली मात्र खूप पाहिली आहेत.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. माणसं राहिली की भिंती मळतात. दोन वर्षांनी रंग काढावा लागणं हा मालकाचा खर्च आहे, त्यासाठीच तो दरमहा भाडं घेतो. फुटलेलं बेसिन, तुटलेला दरवाजा, पोरांनी उखडलेली जाळी हा भाडेकरूचा खर्च. ओल हे इमारतीचं दुखणं, ते राहणाऱ्याच्या माथी मारू नये. डिपॉझिट ही सांभाळायला दिलेली रक्कम आहे. ती खर्च करून टाकायची आणि नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचे पैसे द्यायचे, ही पद्धत पुण्या-मुंबईत सर्रास चालते आणि ती सरळ सरळ चुकीची आहे. घराची पाहणी सोडण्याच्या आठवडाभर आधी करावी, काय कापायचं ते तेव्हाच बिलासह सांगावं आणि किल्ली हातात येताच उरलेले पैसे त्याच वेळी खात्यात टाकावेत.

भाडेकरूंनाही एक सांगायचं आहे. डिपॉझिट अडकेल या भीतीने शेवटचे दोन-तीन महिने भाडंच न भरणं, हा उपाय नाही. त्याने प्रामाणिक मालकाचाही विश्वास उडतो आणि पुढच्या भाडेकरूकडे तो जास्त डिपॉझिट मागतो.

तेव्हा किल्ली देता-घेताना दोघांनी मिळून घरभर फिरा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, कोपऱ्यातली ओल आणि भिंतीवरचे खिळेसुद्धा त्यात येऊ द्या. पंखे, गीझर, नळ, किल्ल्या किती, महावितरणच्या मीटरचं रीडिंग काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. रंग कुणाचा, भाडेवाढ किती, सोडायची सूचना किती दिवस आधी, हे करारात घाला. करार संपायच्या दोन महिने आधी मालकाने विचारावं आणि भाडेकरूने खरं उत्तर द्यावं. मुदत वाढवायची असेल तर नवा करार करून तो नोंदवा, मग ती वाढ दहावीच्या परीक्षेपुरती का असेना. माणुसकी म्हणून चार महिने जरूर द्या, पण त्या चार महिन्यांची तारीख कागदावर असू द्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा करार येत्या दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर त्यांनी या रविवारी समोरच्याला फोन करावा. आणि फोनवर जे ठरेल ते फोन ठेवल्या ठेवल्या लिहून पाठवावं.