हाक किती दूरची?

पाणिनीनें अष्टाध्यायींत एक नियम घालून दिला आहे. दूरच्या माणसास हाक मारावयाची असतां वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत करावा, म्हणजे तीन मात्रांपर्यंत लांबवावा. आतां 'दूर' म्हणजे किती कोस, असा प्रश्न चिकित्सक विद्यार्थी विचारणारच. काशिकाकारांनीं त्याचें उत्तर कोसांत दिलें नाहीं. जेथें सहज प्रयत्नानें शब्द पोंचत नाहीं आणि विशेष प्रयत्न करावा लागतो, तें दूर, अशी त्यांची व्याख्या आहे. अंतर जमिनीवर मोजावयाचें नसून हाक मारणाराच्या श्रमांत मोजावयाचें, हें त्यांतील मर्म होय. टेलिफोनच्या दरांसंबंधानें आपल्याकडील लोकांनीं वेळोवेळीं जीं गाऱ्हाणीं मांडलीं, त्यांचा विचार करूं लागलें म्हणजे ही व्याख्या फार उपयोगीं पडते.

मुंबईंत पहिलें टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीं निघालें. पुढें तारांचें जाळें देशभर पसरलें, तेव्हां आकार ठरविण्याकरितां देशाचे लहानमोठे विभाग पाडण्यांत आले. लहान विभाग सामान्यतः तालुक्याएवढा असे. एका विभागाच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंत सरळ रेघ ओढावयाची आणि त्या रेघेच्या लांबीवरून दर लावावयाचा, अशी ही पद्धति. मध्यें डोंगर आहे कीं नदी, याच्याशीं त्या रेघेला कर्तव्य नसे. इतकेंच नव्हे, तर बोलणारीं माणसें प्रत्यक्षांत किती लांब आहेत, हेंही ती पाहात नसे. शिवेच्या अलीकडील आणि पलीकडील ओसऱ्या एकमेकींस दिसत असल्या, तरी हिशेब केंद्रांचाच!

आमच्या भागांत याचा अनुभव चांगलाच आला. शहापूरचा संकेतांक ०२५२७, मुरबाडचा ०२५२४, कल्याणचा ०२५१ आणि मुंबईचा ०२२. मुरबाडकरांची बाजारपेठ, कॉलेज व रेल्वे स्टेशन हीं सारीं कल्याणांत. आसनगांव, आटगांव, खर्डी येथील चाकरमाने लोकलनें रोज मुंबईच्या वाटेला लागतात. तानसेचें धरण तर १८९२ पासून मुंबईस पाणी पाजीत आहे. पाणी रात्रंदिवस मुंबईला जावें, माणसानें पास काढून रोज मुंबईला जावें, आणि शब्द मात्र तेथें जातांना परगांवचा ठरावा, हा न्याय लोकांना कसा पटावा? १९८६ सालीं महानगर टेलिफोन निगम स्थापन झालें. त्याच्या कक्षेंत मुंबईबरोबर ठाणें व नवी मुंबई हीं शहरें आलीं. कल्याण-डोंबिवलीच्या तारा बाहेर राहिल्या. कल्याण-डोंबिवलीकरांचें गाऱ्हाणें या सीमेविषयींच होतें. मग त्यांच्याही पलीकडे असलेल्या शहापूर-मुरबाडचें काय सांगावें?

दरांवरील मोठा वाद १९९९ सालीं झाला. दोन वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें त्या वर्षीं मार्चमध्यें नवें दरपत्रक काढलें. लांबचें बोलणें स्वस्त करावयाचें आणि त्याबदलीं मासिक भाडें व स्थानिक आकार वाढवावयाचा, असा त्याचा मथितार्थ. प्राधिकरणाचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. आजवर लांबच्या बोलण्यावरील नफ्यांतून जवळच्या बोलण्याचा तोटा भरून निघत होता. खासगी कंपन्या मैदानांत उतरल्यावर त्या नफ्याची साय तेवढी काढून नेतील, ही भीति खरी होती. विरोधकांचें म्हणणें असें कीं, गरीब माणूस परगांवीं बोलतो किती? त्याचें भाडें वाढवून व्यापाऱ्याचा खर्च कां कमी करावा? या मुद्द्यावर देशांत बराच गदारोळ उठला.

परंतु या वादांत एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत आली नाहीं. 'स्थानिक बोलणें स्वस्त ठेवा' ही मागणी ज्याचें स्थान मोठें त्याच्याच विशेष हिताची होती. मुंबईकरास एका स्थानिक आकारांत लाखों टेलिफोनांपर्यंत हाक पोंचवितां येई; मुरबाडकरास त्याच आकारांत आपल्या तालुक्यांतील मोजक्या घरांपर्यंतच. दर तोच, पण त्याचें मोल निराळें. त्यामुळें दरवाढीस विरोध करावा कीं लांबचें बोलणें स्वस्त होतें म्हणून तिचें स्वागत करावें, असा पेंच आमच्यासारख्या तालुक्यांपुढें होता. समान दर म्हणजे समान न्याय नव्हे, हा धडा यांतून घेण्यासारखा आहे.

परदेशांतही हे प्रश्न निघाले. पश्चिम जर्मनींत १९८० च्या सुमारास शेजारच्या गांवांना स्थानिक दर लागू केला; पण पूर्वीं एकाच आकारांत कितीही वेळ बोलतां येई, तेथें आठ मिनिटांची मर्यादा आली. सवलतीची व्याप्ति वाढली आणि तिचें आयुष्य आंखडलें! न्यूझीलंडनें १९९० सालीं टेलिफोन कंपनी विकतांना एक विशेष भाग सरकारकडे राखून ठेवला आणि घरगुती ग्राहकांचें स्थानिक बोलणें निःशुल्क राहील, अशी अट घातली. विक्रीपूर्वींच अट घालण्याचें हें धोरण दूरदर्शीपणाचें होय.

आपल्याकडे १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनीं देशांत कोठेंही मिनिटास एक रुपया असा दर केला आणि अंतराचा प्रश्न जवळजवळ मिटला. पुढें मोबाईलनें तालुक्यांच्या सीमा पुसूनच टाकल्या. मग आतां गाऱ्हाणें उरलें नाहीं काय? उरलें आहे, फक्त सीमा बदलली. पूर्वीं ती कोसांची होती, आतां ती दिवसांची आहे. रिचार्जची मुदत संपली कीं शेजारच्या आळींतील माणूसही दूरचा होतो. जुलै २०२४ मध्यें मोठ्या खासगी कंपन्यांनीं दर वाढविले. पाड्यावर राहणाऱ्या म्हातारीजवळ बटणांचा साधा फोन असतो. इंटरनेटशीं तिला कर्तव्य नाहीं. तरी इंटरनेटसकट सगळी मोट तिच्या माथीं मारली जाई. काशिकाकारांच्या मतें तिच्या दृष्टीनें तिचा मुंबईंतील मुलगा पुन्हां 'दूर'च झाला.

या बाबतींत एक समाधानाची गोष्ट घडली आहे. प्राधिकरणानें जुलै २०२४ मध्यें विचारपत्र प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागविलीं आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत असा नियम केला कीं, केवळ बोलणें व संदेश यांपुरतें एक तरी रिचार्ज प्रत्येक कंपनीनें ठेवावें. विशेष रिचार्जची मुदतही ३६५ दिवसांपर्यंत देतां यावी. जानेवारी २०२५ मध्यें कंपन्यांनीं तशीं रिचार्जें काढलीं. पण नियम असणें वेगळें आणि तो गरजवंताला ठाऊक असणें वेगळें. दुकानदार आपण होऊन स्वस्त वस्तु पुढें करीत नाहीं.

म्हणून वाचकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या घरांतील वृद्ध मंडळी, गांवाकडचे आप्त, शेतावरील गडी व घरकाम करणारी बाई यांच्या फोनमध्यें कोणतें रिचार्ज आहे तें एकदां विचारावें, आणि नुसतें बोलण्याचें रिचार्ज त्यांस पुरेसें असल्यास तें नांव घेऊन मागावें. दुसरें असें कीं, पुढील विचारपत्र निघेल तेव्हां मत लेखी कळवावें. तो अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. चव्हाट्यावर केलेली कुरकुर तेथेंच विरते. मुदतींत पोंचलेलें पत्र दप्तरीं दाखल होतें.