लक्ष्मी रस्त्यावर चालायचं कुठून?

विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रस्ता सगळा माणसांचा असतो. एरवी कुंटे चौकातून तुळशीबागेकडे निघालेल्याला पदपथावर साड्या नेसलेले पुतळे, पथाऱ्या आणि तिरप्या लावलेल्या दुचाकी भेटतात. तो मुकाट रस्त्यावर उतरतो आणि मागून हॉर्न वाजतो.

पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ला याच रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा केला. बैलपोळ्यासारखा, वर्षातून एक दिवस!

हा रस्ता रोजच वाहनांना बंद ठेवला तर गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची धास्ती खोटी नाही. लग्नाचा बस्ता बांधलेलं कुटुंब आजीला धरून, चार पिशव्या सांभाळत किती लांब जाणार? मालाचा टेम्पो कधी यायचा? पण दुकानासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नाही ती गाडी गिऱ्हाइकाची कशी असेल?

आमचं म्हणणं एवढंच : माल दुकानं उघडण्याआधी उतरावा, रिक्षांना ठरलेला थांबा मिळावा, अपंग आणि वृद्धांच्या गाड्यांना वाट असावी. बाकीच्यांनी मंडईजवळच्या वाहनतळावर गाडी लावून चालत यावं. तुळशीबागेत एका कानातल्यासाठी आपण याहून जास्त चालतो.